माथ्यावरच्या झाडाचा घाव

आमचं देवक कळंब. म्हणजे आमच्या कुळातल्या माणसाने कळंबाला कुऱ्हाड लावायची नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही, त्याच्या पानावर जेवायचं नाही. एरवी त्याला घरातलं वडीलधारं माणूस समजायचं, आणि घरात लग्न निघालं की त्याच्यापुढे नारळ वाढवून, त्याची परवानगी मागून एक डहाळी आणायची नि मांडवाच्या खांबाला बांधायची. ती बांधल्याशिवाय हळद लागत नाही. परवा नातीने विचारलं, आजी, देवक म्हणजे काय गं, तेव्हा मला एकदम राग आला. पोरीचा नव्हे. त्या शब्दाच्या मागून जे जे उठून येतं त्याचा. लिहायला मी उशिरा शिकले, तेही नातवंडांच्या पाट्यांवर, म्हणून माझं अक्षर वेडंवाकडं आहे. सांगायचं आहे ते मात्र सरळ आहे.

ही गोष्ट प्लेगाच्या आधीची. लालबागेत एका कौलारू चाळीत मामाच्या शेजारची खोली आमची होती. आई, बाबा, मी आणि नुकता चालायला लागलेला माझा धाकटा भाऊ. मामा गिरणीत मागावर होता आणि बाबा कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे हवेत कापूस इतका उडायचा की संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाच्या भुवया पिकल्यासारख्या दिसायच्या. मामाला मुंबई मानवली. बाबाला काही मानवली नाही. तो रत्नागिरीकडच्या डोंगरातला, रानात वाढलेला माणूस, रात्रभर खोकायचा. सुट्टीच्या दिवशी कुणी गुत्त्यात जायचं, कुणी भजनाला बसायचं. बाबा मला खांद्यावर घेऊन अँटॉपच्या टेकडीकडे चालायला लागायचा. तिथे एक कळंब होता, त्याच्याखाली तो नुसता बसून राहायचा. आई चेष्टा करायची, लोकांचे नवरे सुट्टीला दारू पितात, माझा सावली पितो.

मुकादमाने हे बरोबर हेरलं. तो आमच्या शेजारच्याच गावचा, नात्यातल्या कुणाच्या तरी नात्यातला, अंगात डगला, काखेत छत्री. फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीने दक्षिणेला, कानडी मुलखाच्याही पलीकडे, कॉफी लावायला डोंगरच्या डोंगर घेतले होते आणि त्यावर राबायला माणसं हवी होती, ती जमवून न्यायचं काम याच्याकडे होतं. माणसाला फसवायचं तर त्याच्या हावेला हात घालावा म्हणतात. माझ्या बापाला हाव नव्हती. त्याला रानाची भूक होती, आणि मुकादमाने तिथेच हात घातला. आपलाच सह्याद्री आहे, फक्त थोडा खाली, असं तो म्हणाला. ऐन, किंजळ, फणस, सगळी ओळखीची झाडं, पाऊसही तसाच, राहायला झोपडी, कापसाचा कण नाही. बायकोलाही तिथेच काम. बाबाचे डोळे असे चमकले की आईने विरोध करायचा विचार सोडून दिला.

मामाने एकदा बजावलं. गोरा माणूस एवढे पैसे मोजून डोंगर घेतो तो तुला सावलीत बसवायला नव्हे, असं त्याने सांगितलं. बाबाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोर्टात जाऊन अंगठा उठवून आला. काम सोडून पळालं तर तो गुन्हा धरला जातो आणि सरकारचे पोलीस धरून परत आणतात, हे त्या कागदात होतं. मुकादमाने वाचून दाखवताना नेमकं तेवढं गाळलं. आपल्याच मुलखातल्या माणसाने आपल्याच बोलीत गळा कापावा, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचत नाही, आणि सुचतं ते लिहिण्यासारखं नाही.

निघायच्या आठवड्यात मला गोवर आला. आगबोट थांबणार नव्हती. मामीने मला ठेवून घेतलं आणि पुढच्या हंगामाला बाबाने न्यायला यायचं असं ठरलं. मी तापात होते, त्यामुळे ती माणसं गेली कधी ते मला कळलंच नाही. जाग आली तेव्हा उशाशी आईचं जुनं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं.

पुढचा हंगाम गेला, त्याच्या पुढचाही गेला, अशी पाचसहा वर्षं गेली. मामामामींना मूल नव्हतं, त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मामी मलाही तिच्याबरोबर गिरणीत न्यायला निघाली होती, पण मामाने अडवलं. कापसाने एक माणूस घरातून घालवला तेवढा पुरे, असं तो म्हणायचा. दक्षिणेकडून कुणी आलं की मामा बंदरावर जाऊन विचारून यायचा. कधी कळायचं बरे आहेत, कधी काहीच कळायचं नाही. मी हळूहळू आईवर रुसले. मला वाटायचं, यांना तिकडे झाडं मिळाली, भाऊ जवळ आहेच, माझी काय गरज.

मग एका संध्याकाळी, भोंगा होऊन गेल्यावर, मी अंगणातल्या नळावर हंडा भरत होते. एक माणूस येऊन उभा राहिला. हातपाय काटक्या आणि पोट मात्र घागरीसारखं पुढे. मला वाटलं भिकारी आहे. मी म्हटलं, बाबा, पुढे जा. भिकाऱ्याला आपण बाबाच म्हणतो. तो माणूस हलला नाही, माझ्याकडे बघत राहिला, आणि मग मामी माडीवरून किंचाळली तेव्हा मला कळलं की मी बरोबर हाक मारली होती.

तो एकटा आला होता. मामीने आई कुठे म्हणून विचारलं नाही. तिने पाणी आणून त्याच्या पायावर घातलं आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. माझी आई आणि माझा भाऊ दोघंही त्या डोंगरावर तापाने गेले होते. त्याच तापाने बाबाच्या पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. कुऱ्हाड उचलेना, टोपली उचलेना, तेव्हा मळ्यावरच्यांनी त्याला जा म्हटलं. पळून जाणाऱ्याला पोलीस लावून आणायचे आणि निकामी झालेल्याला वाटेला लावायचे, ही त्यांची रीत. इकडे माणूस म्हातारा बैलही न हाकलता दारात मरू देतो.

बाबा मामाच्या गॅलरीत पथारी टाकून राहिला. बोलायचा थोडं, खायचा त्याहून थोडं. अँटॉपच्या टेकडीकडे जाऊ या म्हणून मी एकदोनदा म्हटलं, तर तो दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं, चालवत नसेल.

त्या वर्षीच माझं लग्न ठरलं. आता लोकांना ऐकवत नाही, पण तेव्हा माझ्या वयाच्या मुलींची लग्नं होतच. मुलगा परळचा, मामाच्याच गिरणीत लागलेला, घरची माणसं साधी. बाबा आला म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं, कारण बाप असताना मामाने पुढे होऊन लग्न लावायचं म्हणजे लोक चार गोष्टी विचारतात. बाबा विधुर, म्हणून देवकाला जोडीने बसायचा मान त्याच्या चुलतभावाचा आणि भावजयीचा. पण झाडापुढे नारळ वाढवून डहाळी मागायची ती कुळाच्या वडील माणसाने, म्हणजे बाबाने. सगळं ठरलं, आणि बाबा म्हणाला, मी देवक मागणार नाही. मांडवातही येणार नाही.

सगळे चक्रावले. मामाने खोदून खोदून विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की आमचं देवक आमच्यावर उठलं आहे. हे बोलायची काही गरज नव्हती. त्या डोंगरावर काय झालं ते लालबागेत कुणाला माहीत होतं? तोंड मिटून नारळ फोडला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण माझ्या बापाला खोटं बोलता यायचं नाही, आणि जगात अशा माणसांचंच फावत नाही.

मग भावकी बसली. आमच्या कुळातले चारपाच म्हातारे रविवारी मामाच्या खोलीत जमले. मुलींनी तिथे थांबायचं नसतं. मी दाराबाहेर तांदूळ निवडत बसले आणि एकही खडा वेचला नाही.

बाबाने त्यांना डोंगर कसा तोडतात ते सांगितलं. एकेक झाड पाडत बसायचं नाही, त्यात फार वेळ जातो. पायथ्यापासून सुरुवात करायची आणि वर वर चढत प्रत्येक झाडाला अर्ध्या खोडापर्यंत घाव घालून ठेवायचे. पाडायचं नाही, नुसतं अधू करून उभं ठेवायचं. असं करत करत माथा गाठायचा. मग माथ्यावरची थोराड झाडं तेवढी पुरती तोडायची. ती खालच्या अधू झाडांवर कोसळतात, ती त्यांच्या खालच्यांवर, वेलींनी एकमेकांत गुंतलेलं सगळं रान ओढलं जातं आणि अख्खा डोंगर एका दमात खाली येतो. साहेब लोक ते बघायला समोरच्या टेकाडावर खुर्च्या मांडून बसायचे. मडमाही यायच्या.

त्या डोंगराच्या मध्यावर एक जुना कळंब होता. बाबाने खालची झाडं घाव घालत आणली, कळंब आला तसा त्याला वळसा घातला आणि पुढे गेला. मुकादमाने ते पाहिलं. तो आमच्याच मुलखातला, देवक म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक. त्याने जाऊन साहेबाला सांगितलं आणि साहेब हसला. बरं, याला ते झाड तोडायला लावू नका, असं तो म्हणाला. आणि माथ्यावरच्या मोठ्या झाडाचा शेवटचा घाव मुद्दाम बाबाला घालायला सांगितला.

एक म्हातारा म्हणाला, न्हाय म्हणायचं व्हतं.

“म्हटलं,” बाबा म्हणाला. “मग तिला उन्हात उभी केली, पोर कडेवर. पाणी देऊ दिलं न्हाय. मग मी घाव घातला.”

तांदळाचं सूप माझ्या मांडीवरून खाली गेलं. आत कुणाला ते ऐकू आलं नाही.

डोंगर खाली आला, त्यात कळंबही आला. मग ते रान वाळू दिलं आणि पेटवलं. बाबा म्हणाला, दिवसेंदिवस जळत होतं, रानातली जनावरं आमच्या झोपड्यांमधून पळायची, भाताच्या मडक्यात राख पडायची. पावसाळ्यात त्या उघड्या डोंगराची माती लाल चिखल होऊन उतरली आणि बायका ज्या ओढ्यावर पाणी भरायच्या तो बुजला. उन्हाळ्यात ओढा आटला, जागोजागी डबकी राहिली. तेच पाणी प्यायचं. त्या साली ताप आला, आणि झोपड्यांच्या रांगेत दिवा लावायला माणूस उरलं नाही अशी घरं झाली. आधी माझा भाऊ गेला, मग आई गेली. तो कॉफीचा मळाही धड जगला नाही. डोक्यावर सावली नाही, मुळाशी माती नाही, झाडांच्या खोडात कीड शिरली. साहेबाने दोनतीन वर्षं बघितलं आणि तो डोंगर तसाच बोडका टाकून पलीकडच्या डोंगरावर खुणा करायला माणसं पाठवली.

 ते म्हातारे वाईट नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी आपापसात विचार केला. त्यांचा मुद्दा एकच होता, कुऱ्हाड कळंबाला लागली का? नाही लागली. म्हणजे झाड आपण तोडलेलं नाही, दुसऱ्या झाडाने पाडलेलं आहे. तेव्हा दोष नाही. मनाची शंका नको म्हणून दादरच्या समुद्रात एकदा डोकं बुडवायचं, अँटॉपच्या कळंबाला एक नारळ जास्तीचा द्यायचा आणि लग्नाला लागायचं. मामाने हुश्श केलं. मीही केलं.

बाबा नाही म्हणाला. सुटका दारात आली होती आणि त्याने कडी लावून घेतली. घाव माझा, डोंगर माझ्या घावाने पडला, मधे किती झाडं होती ते देवक बघत नाही, असं तो म्हणत राहिला. त्याने माझी माणसं नेली, ती काय उगाच नेली? म्हाताऱ्यांनीही फार ओढून धरलं नाही, कारण मधल्या झाडांचा कायदा त्यांनी नुकताच रचला होता आणि तो त्यांनाच पुरता पटला नव्हता.

तेव्हा मी आत गेले. मुलीने भावकीत तोंड उघडायचं नसतं, पण मला बाहेर बसवेना.

“साहेबाचं देवक कोणतं?” मी विचारलं. “घाव घाल म्हणून त्यानं सांगितलं ना? त्याला कोण मांडवाबाहेर ठेवणार?”

मामीने माझा दंड धरला. सगळ्यांत म्हातारा होता तो रागावला नाही. लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, “साहेबाला देवक नसतंय, पोरी.”

किती साधं उत्तर! त्यावर मी जन्मभर विचार करते आहे. देवक नसतंय, म्हणून त्याचं काही उठत नाही. त्याची बायको उन्हात उभी राहत नाही, त्याच्या पोटात पाणथरी वाढत नाही, तो खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि करून सवरून नामानिराळा राहणार. पाप लागायला आधी काहीतरी मानावं लागतं. ज्यांनी मानलं त्यांनाच ते लागलं. आमच्या म्हाताऱ्यांनी पापाचा माग काढला तो आमच्याच दारापर्यंत, त्यापुढे जायची वाट त्यांना माहीतच नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि आमचा संन्यासी असा की तो स्वतःच सुळावर चढून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामामामी गिरणीत गेल्यावर मी बाबाला गॅलरीत गाठलं. मला त्याला पटवायचं होतं. लग्नात बाप नसला तर लोक काय म्हणतील याची मला तेव्हा पर्वा नव्हती. मला माझा बाप परत हवा होता. आई गेली होती, भाऊ गेला होता, आणि जो परत आला होता तो माझ्याकडे सरळ बघतही नव्हता. मी त्याला एकेक सांगायला लागले. आईला तापाने नेलं. ताप घाण पाण्याने आला. पाणी कंपनीने नासवलं. यात तू कुठे आहेस?

“पाणी झाडं धरून ठेवतात गो,” तो म्हणाला. “झाडं कुणी पाडली?”

“त्यांनी पाडायला लावली.”

“लावली त्यांनी. पाडली कुणी?”

मी रडले, पाय आपटले. मुकादमाला शिव्या दिल्या, ज्या मी नळावर ऐकलेल्या होत्या आणि ज्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. बाबाने मला थांबवलं नाही. मी दमले तेव्हा तो म्हणाला, “तू एकलीच उरलीस. गोवर आला म्हणून उरलीस. मी मांडवात आलो नि त्याची नजर तुझ्यावर पडली तर?”

तेव्हा मला उलगडलं. त्याला पापाची लाज नव्हती, त्याला भीती होती. आपल्या मागोमाग जे त्या डोंगरावरून आलं आहे ते आपल्या पोरीला शिवू नये म्हणून तो माझ्याकडे बघत नव्हता. गोवराने मला वाचवलं आणि आता तो मला स्वतःपासून वाचवत होता.  माया करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. माझा सगळा राग तसाच राहिला, आणि अजून आहे.

पुष्कळ वर्षांनी एकदा मी फोर्टात जाऊन ती जागा पाहिली, जिथे बाबाने अंगठा उठवला होता. मामा वाट दाखवायला बरोबर होता, तो तेव्हा थकला होता. दगडी इमारत, पितळेची पाटी, दारात पट्टेवाला. मला वाटलं होतं, काहीतरी राक्षसाच्या घरासारखं असेल. तिथे व्हरांड्यात कुंड्या मांडल्या होत्या, नाजूक नाजूक पानांची झाडं, आणि एक माळी झारीने त्यांना पाणी घालत होता. एका कुंडीपाशी तो वाकला आणि एक पिवळं पान हलकेच खुडून खिशात टाकलं, साहेबाच्या फरशीवर पडू नये म्हणून. मी पट्टेवाल्याला म्हटलं, आत कोण बसतं? तो म्हणाला, कंपनी बसते. मी म्हटलं, माणूस कोण? त्याने मला वेडी समजून हाकललं. या कंपनीने डोंगर खाल्ला, ओढा खाल्ला, माझी आई आणि तो अजून नीट बोलायलाही न शिकलेला पोर खाल्ला, आणि ढेकर देऊन पाप तेवढं माझ्या बापाच्या पदरात टाकलं. बरं, ओरडायचं कुणावर, तर आत कंपनी बसते.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. बाबा देवक मागायला गेला नाही, तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्याने नारळ वाढवला. चुलता आणि चुलती पदराला पदर बांधून, ताशे वाजवत, अँटॉपच्या टेकडीवरून डहाळी घेऊन आले. चाळीच्या अंगणात मांडव घातला होता. परळकडच्या मंडळींना मामाने सांगितलं की मुलीचा बाप आजारी आहे, माणसांत बसवत नाही. त्याचं पोट बघून त्यांना ते खरंच वाटलं.

मी अंतरपाटासमोर उभी राहिले. नवऱ्या मुलीने मान खाली घालायची असते. मी मान वळवून बाबाला शोधत होते आणि मामी मागून माझ्या कमरेला चिमटे काढत होती. तो सापडला. मांडवाच्या कनातीबाहेर, नळापलीकडे, अंगण संपतं तिथे, धुतलेलं धोतर नेसून उभा होता. त्याच्या मुठीत तांदूळ होते. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दर वेळी सगळ्यांबरोबर त्याचाही हात वर जायचा. त्याच्या अंगात ताकद किती ती. तांदूळ कसेबसे नळापर्यंत यायचे आणि ओल्या फरशीवर पडायचे. शेजारणीची कोंबडी येऊन ते टिपत होती.

माळा घालून झाल्या, ताशे वाजायला लागले. नवरा वाकून वडीलधाऱ्यांच्या पाया पडत होता, कुणी पेढे वाटत होतं. मी चालायला लागले. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, मग मामीने हाक मारली, मग सासूबाई काहीतरी बोलल्या. ते त्यांनी पुढे कित्येक वर्षं ऐकवलं, की मुंडावळ्या सुटायच्या आत सून मांडव सोडून निघाली. मी कोंबडीला हाकललं. नळापाशी खाली बसले, शालूसकट ओल्यात, आणि फरशीवरचे तांदूळ वेचायला लागले. काही चिखलात रुतले होते, काही कोंबडीने फोडले होते. मिळाले तेवढे मुठीत घेतले, उभी राहिले, आणि बाबाच्या समोर माझ्या हाताने माझ्या डोक्यावर टाकले.

“पडल्या अक्षता,” मी म्हणाले. “बघ. मला काही झालं नाही.”

ताशे थांबले होते. बाबा माझ्याकडे बघत होता, परत आल्यापासून पहिल्यांदा सरळ बघत होता, आणि मला वाटलं जमलं. मी एक पाऊल पुढे टाकलं. तो एक पाऊल मागे सरला. मी आणखी पुढे गेले, तो आणखी मागे. त्याच्या पाठीला चाळीची भिंत लागली, मागे जायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने वळून भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच हात जोडले.

“जवळ येऊ नको गो बाय,” तो म्हणाला. “तुला लागंल.”